मेख : खुंटीपासून तोफेपर्यंत

१/ ‘खरी मेख इथेच आहे’ असे आपण सहज म्हणतो. मेख हा मूळ फारसी शब्द. अर्थ खिळा किंवा खुंटी. छावणीत तंबूचे दोर आणि घोड्यांच्या आगाड्या-पिछाड्या मेखांनाच बांधल्या जात.

२/ तोफखान्यात तिचे काम निराळे. बत्ती देण्यासाठी तोफेला मागच्या बाजूस बारीक छिद्र असे; तो तोफेचा ‘कान’. तोफ सोडून जाण्याची वेळ आली की कानात मेख ठोकत. तोफ दिसायला शाबूत, पण मुकी.

३/ तोफ मुकी न केल्याचे मोल असईला दिसले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीचे पायदळ शिंद्यांच्या तोफा घेऊन पुढे सरकले. मेल्याचे सोंग घेतलेले गोलंदाज उठले आणि त्याच तोफा त्यांनी पायदळाच्या पाठीवर डागल्या. वेलस्लीला त्या पुन्हा जिंकून घ्याव्या लागल्या.

४/ करारात कुणी ‘मेख मारून ठेवतो’, तेव्हाही कागद अखंडच दिसतो. एक बारीकसे कलम त्याला निकामी करते. तंबू, घोडा, तोफ, करार : अर्थाचे बीज एकच. लहानशी वस्तू मोठीला जागीच खिळवते.