रोलर ओढणारा मुलगा आणि त्याचे तीन भाऊ

क्रिकेटच्या जुन्या स्कोअरकार्डांत रमायची मला खोड आहे. रात्री झोप येत नसली की लोक रील्स बघतात, मी १९१० सालचे सामने बघतो. त्यातच एकदा ‘पी. बाळू’ हे नाव भेटलं. प्रथम दर्जाचे सामने ३३, बळी १७९, सरासरी १५.२१. आकडे दोनदा वाचले. पंधराच्या सरासरीने गोलंदाजी करणारा हा डावखुरा फिरकीपटू मराठी माणूस होता, पुण्यात वाढला होता आणि इंजिनिअरिंगची चार वर्षं क्रिकेटवर बोलण्यात घालवलेल्या माझ्या एकाही मित्राला तो माहीत नव्हता. त्या काळच्या कार्डांवर आणखी दोन नावं सापडतात. पी. शिवराम आणि पी. विठ्ठल. हा ‘पी’ म्हणजे पालवणकर. चार भाऊ होते ते, चौथा गणपत.

घराणं मूळचं कोकणातलं, जातीने चांभार. थोरला बाळू १८७६ साली धारवाडला जन्मला. वडील लष्करी नोकरीत होते, त्यामुळे कुटुंब पुण्याला आलं. लष्कराच्या गावात गोरे अधिकारी क्रिकेट खेळत आणि त्यांनी टाकून दिलेल्या बॅटी, झिजलेले चेंडू आसपासच्या पोरांच्या हाती लागत. बाळू आणि शिवराम अशा सामानावर क्रिकेट शिकले.

बाळूची पहिली नोकरी पुण्यातल्या एका पारशी क्लबात होती. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, कधीमधी सभासदांना चेंडू टाकायचे. पगार महिना ३ रुपये. तिथून १८९२च्या सुमारास तो गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला. पगार एका रुपयाने वाढला. नेट उभारणं, खेळपट्टीवर रेघा मारणं, टेनिस कोर्ट बघणं, सगळं त्याच्याकडे. ट्रॉस नावाच्या एका इंग्रजाने त्याला नेटमध्ये चेंडू टाकायला सांगितलं आणि इथून गोष्ट सुरू झाली.

कॅप्टन जॉन ग्लेनी ग्रेग हा त्या वेळचा हिंदुस्थानातला नामांकित गोरा फलंदाज. ‘जॉन ग्लेनी’ भरभर म्हटलं की ‘जंगली’ ऐकू येतं, म्हणून सगळे त्याला जंगली ग्रेगच म्हणत. तो इतरांच्या आधी तासभर मैदानावर यायचा आणि बाळूकडून सराव करून घ्यायचा. असं सांगतात की आपल्याला बाद केल्याबद्दल तो दर वेळी आठ आणे द्यायचा. हिशेब करून बघा. चार रुपये म्हणजे चौसष्ट आणे. महिन्यात आठ वेळा ग्रेगची दांडी उडवली की पगाराइतकीच वरकमाई. याहून चांगला प्रशिक्षण-कार्यक्रम मला तरी माहीत नाही.

मात्र या सगळ्या वर्षांत त्या क्लबात बाळूला फलंदाजी करायला कुणी एकदाही दिली नाही. बॅट साहेबाच्या हातची. घाम गाळून चेंडू टाकणं हे नोकराचं काम. गोलंदाजीत तो इतका तयार का झाला आणि फलंदाज का झाला नाही, याचं उत्तर बरंचसं इथेच आहे.

तोवर पुण्यात हिंदूंचा क्लबही उभा राहिला होता आणि त्यांना गोऱ्यांना हरवायचं होतं. गोऱ्यांच्या सर्वोत्तम फलंदाजाला रोज सकाळी चकवणारा गोलंदाज त्याच गावात होता. अडचण एकच, त्याची जात. क्लबातले काही तेलुगू सभासद म्हणाले, घ्या त्याला. मराठी ब्राह्मण सभासद अडून बसले. शेवटी ग्रेगनेच जाहीर मत दिलं की अशा गोलंदाजाला बाहेर ठेवणं हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. ग्रेगचं मन मोठं असेल, पण मला वाटतं त्याला सामन्यातही बाळूसमोर खेळायची खुमखुमी असणार.

बाळूला घेतलं. पण कसं घेतलं ते बघा. मैदानावर एकच चेंडू सगळे हाताळत. बाळूने टाकलेला चेंडू यष्टिरक्षक पकडायचा, तोच पुढे ब्राह्मण क्षेत्ररक्षकाकडे जायचा, त्यात कुणाला विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हिलियनमध्ये चिनी मातीच्या कपात चहा घेत. बाळूचा चहा बाहेर, एकदा वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात. तोंड धुवायचं तर दलित नोकर एका कोपऱ्यात त्याच्या हातावर पाणी ओतणार. जेवणाचं ताट वेगळं, टेबल वेगळं.

आमच्या संभाजीनगरात आमखास मैदानावर रविवारी सकाळी एका वेळी दहाबारा सामने चालू असतात. कुणाचा चेंडू कुणाच्या फाइन लेगला जातो याचा पत्ता नसतो. दोन डावांच्या मधे चहा येतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि कागदी कपांत. सगळ्यांचेच कप फेकून द्यायचे. हे वाचल्यापासून तो कप हातात घेताना पुण्यातलं मातीचं भांडं आठवतं.

साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याशी झालेल्या सामन्याची गोष्ट मला फार आवडते. बाळूची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी टणक करून ठेवली. ज्याच्यासाठी हा बेत, तो स्वतः आयुष्यभर रोलर ओढत आलेला! खेळपट्टीला किती दाबल्यावर ती काय करते हे त्याला कळणार नाही तर कुणाला? त्याने सात बळी घेतले. या विजयानंतर पुण्यात सत्कार झाला. तिथे न्यायमूर्ती रानड्यांनी खेळाडूंचे कान उपटले. त्याच्याबरोबर खेळता, तर त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे, असा त्यांचा सवाल होता.

पुढे प्लेगच्या दिवसांत कुटुंब मुंबईला आलं. तिथल्या हिंदू जिमखान्यातही आधी कुरबुर झाली, पण बाळू संघात आला, मागोमाग शिवराम आला आणि दोघे इतरांबरोबर जेवायलाही बसू लागले. पुण्याहून मुंबई तेवढी पुढे होती. १९०६च्या फेब्रुवारीत हिंदूंनी बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर गोऱ्यांना १०९ धावांनी हरवलं. ज्या जिमखान्याचं सभासदत्व हिंदी माणसाला मिळत नव्हतं, तिथे हा विजय झाला. बाळूने सामन्यात आठ बळी घेतले. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने मात्र धावा-बळींपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं कौतुक केलं. आधी फक्त खेळायला घेतलं, मग चहा, मग एकत्र जेवण, हा प्रवास त्यांना विजयाहून मोठा वाटला.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ धर्मवार निवडलेला, पारशी जास्त, मग हिंदू, मग मुसलमान. कप्तान महाराज विशीच्याही आतले. त्यांना लंडनच्या मेजवान्यांतून सवड कमी, मोजकेच सामने खेळले. संघ २३ सामने खेळला आणि त्यातले बहुतेक हरला. पस्तिशीचा बाळू मात्र दुखऱ्या खांद्याने टाकत राहिला. दौऱ्यात ११४ बळी, सरासरी १८.८४, त्यांतले ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांत. कौंटी संघ आपल्याकडे ये म्हणत होते, असंही सांगतात. तो परत आला.

परत येऊन काय मिळालं? संघाचं कप्तानपद मिळालं नाही. १९१३ साली एम. डी. पै कप्तान झाले तेव्हा सत्काराच्या भाषणात त्यांनी स्वतःच सांगितलं की हा मान बाळूचा होता. पैंबद्दल आदर वाटतो, पण मान तेव्हाही बाळूला मिळाला नाही.

१९२० साली चौरंगी सामने पुण्यात होते. बाळूला संघातून वगळलं. पै आजारी पडले, म्हणून पहिल्या सामन्यापुरता कप्तान नेमायचा होता. अनुभवाने आणि धावांनी हक्क विठ्ठलचा होता, पण कप्तान झाले दि. ब. देवधर. हो, देवधर करंडक ज्यांच्या नावाने आहे तेच. ते थोर फलंदाज होते यात शंका नाही, पण तेव्हा विठ्ठलपेक्षा ते कनिष्ठ होते. शिवराम आणि विठ्ठल खेळायला तयार झाले नाहीत. दोघांनी वर्तमानपत्रात निवेदन देऊन कारण सांगितलं: कप्तान निवडताना गुण नव्हे, जात बघितली गेली. हातावर वरून पाणी घेणाऱ्याच्या धाकट्या भावांनी, तेही पुण्यातच, भर स्पर्धेत असं म्हणणं सोपं नव्हतं. लोकमत त्यांच्या बाजूने गेलं. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी पै परतले, दोघे भाऊही परतले आणि बाळूला उपकप्तान नेमलं. सामन्यात पै काही वेळ मैदान सोडून गेले. ठरवून गेले, म्हणजे तेवढा वेळ बाळूने संघ चालवावा. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला मिळालेलं कप्तानपद ते एवढंच.

१९२३ साली विठ्ठल रीतसर कप्तान झाला. हिंदूंनी गोऱ्यांना हरवून स्पर्धा जिंकली आणि सवर्ण प्रेक्षकांनी विठ्ठलला खांद्यावर उचलून घेतलं. मातीच्या भांड्यातल्या चहाला तेव्हा तीसेक वर्षं झाली होती.

इथे थांबलो असतो तर गोड गोष्ट झाली असती. पण बाळू पुढे राजकारणात आला. तरुण आंबेडकरांना एके काळी बाळूचा अभिमान होता असं म्हणतात. पण १९३२मध्ये स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर बाळू त्यांच्या विरुद्ध बाजूला, एम. सी. राजांबरोबर संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने उभा राहिला. त्या सप्टेंबरमधल्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. १९३७च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उमेदवार दिला तो बाळू. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूला ११,२२५.

हे वाचून अनेकांना बाळूचा राग येतो. मलाही आधी आला होता. नंतर वाटलं, या माणसाने एकत्र खेळण्यातून काय बदलतं ते स्वतः पाहिलं होतं, कोपऱ्यातल्या पाण्यापासून जेवणाच्या पंगतीपर्यंत. त्याचा संयुक्त मतदारसंघावर विश्वास बसला तर नवल नाही. तेवढ्यासाठी किती वर्षं लागली, आणि कप्तानपद तरी कुठे मिळालं, हा आंबेडकरांच्या बाजूचा प्रश्नही त्याच्याच आयुष्यातून निघतो. माझं मत विचाराल तर ते आंबेडकरांना.

बाळू ४ जुलै १९५५ला मुंबईत गेला. गणपत त्याच्या कितीतरी आधी, तरुण वयातच गेला होता. धर्मवार संघांची ती स्पर्धा १९४६नंतर बंद पडली. विठ्ठलने १९४८ साली मराठीत आत्मचरित्र लिहिलं, ‘माझे क्रीडा-जीवन’. घराण्यातल्या माणसाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं ते पुस्तक. मी जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ते शोधतोय. दुकानदार विचारतात, ‘‘कोण विठ्ठल? आडनाव काय?’’