समोरचे गप्प बसतात तेव्हा

अकोल्यात वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलं तयार करण्यात माझी तीस वर्षं गेली. नाव पुकारलं की मुलांचे हात गार पडत, तोंडाला कोरड पडे. "सर, पाय लटलट कापून रायले," असं म्हणणाऱ्या पोराला मी सांगे, पाठांतर पक्कं कर. ते उत्तर अपुरं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या दिवाळीत अमरावतीच्या भाच्याने माझ्या डोळ्यांवर व्हीआरचा, म्हणजे आभासी दृश्य दाखवणारा, चष्मा चढवला. समोर सभागृह आणि खुर्च्यांवर चित्रातली माणसं. खोटी आहेत हे ठाऊक असूनही दोन मिनिटांत माझे तळहात ओले झाले. ती माणसं नुसती बघत होती.

जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ साली याच भीतीची कसोटी मांडली. पाच मिनिटं भाषण, मग १०२२ मधून तेरा-तेरा वजा करत उलटं मोजायचं, आणि समोर चेहऱ्यावरची रेषही न हलवणारे परीक्षक. नाडी वाढे, लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक दुप्पट ते चौपट होई. पुढे आभासी परीक्षक बसवले, तरी कॉर्टिसॉल वाढलंच, सहसा थोडं कमी. लंडनमधल्या एका प्रयोगात आभासी श्रोते कंटाळलेले, उर्मट दाखवले, तेव्हा एरवी धीट असणारेही घाबरले.

हे वाचलं आणि मला आपल्याकडचं कीर्तन आठवलं.

कीर्तनाहून सभेची रीत वेगळी. १८९७ च्या डिसेंबरात अमरावतीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, ती अशीच एक सभा. शंकरन नायर अध्यक्ष, दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, ही सभेची रीत. शाळा-कॉलेजांतही तीच दिसते. गावची रीत मात्र जुनी होती. कीर्तनकार एकटा उभा राहतच नाही. मागे टाळकरी, बाजूला मृदंगी. बुवा दम घ्यायला थांबले की मागचे ध्रुपद उचलतात. घसा कोरडा पडला तरी सभा तुटत नाही.

शेंडगावचे गाडगेबाबा त्याच्याही पुढे गेले. दिवसा हातात खराटा, गाव झाडायचं. रात्री त्याच गावापुढे कीर्तन. आणि कीर्तन म्हणजे प्रश्नच. कर्ज काढून सण करता का? पोराला शाळेत घालता का? समोरची हजारो माणसं उत्तर देत. श्रोत्याला गप्प बसायची मुभाच नव्हती. यावलीच्या तुकडोजी महाराजांच्या हाती खंजिरी असे. त्यांच्या भजनात लोक ताल धरत. अक्षरओळख नसलेले गाडगेबाबा हजारोंपुढे निर्भय बोलले, त्यात त्यांच्या मनाचं बळ होतंच. पण श्रोत्यांना बोलतं करण्याची ही रीतही होती, असं माझं ठाम मत आहे.

आम्ही मुलांना यातलं काहीच दिलं नाही. टाळकरी नाही, प्रश्न नाही, हातात काही नाही. समोर तीन परीक्षक, खाली माना घालून गुण लिहिणारे. त्यांत मीही होतो. निःपक्षपाती दिसावं म्हणून चेहरा कोरा ठेवायचो.

परीक्षकांना माझी विनंती आहे. गुण काटेकोर द्या, पण पोरगं बोलत असेल तेव्हा वर बघा आणि मान हलवा.