देवयानी आणि शर्मिष्ठा (ययाति)

देवयानी आणि शर्मिष्ठा या वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) यांच्या ‘ययाति’ (१९५९) या कादंबरीतील दोन प्रमुख स्त्री-व्यक्तिरेखा होत. बालपणीच्या या सखी पुढे स्वामिनी आणि दासी होतात. या कादंबरीला १९६० साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तर १९७४ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराने खांडेकरांचा गौरव झाला.

पार्श्वभूमी

मूळ कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. देवयानी ही असुरगुरू शुक्राचार्यांची, तर शर्मिष्ठा ही असुरराज वृषपर्वा याची कन्या. जलक्रीडेनंतर वस्त्रांची अदलाबदल झाल्याने दोघींत कलह होतो व शर्मिष्ठा देवयानीला विहिरीत ढकलते. राजा ययाति तिला बाहेर काढतो. अपमानाची भरपाई म्हणून देवयानी शर्मिष्ठेचे दास्य मागते. शुक्राचार्य निघून गेल्यास असुर संजीवनी विद्येला मुकतील, हे जाणून शर्मिष्ठा स्वजनांसाठी ते दास्य पत्करते.

स्वभावभेद

कचाने प्रेम नाकारल्यामुळे देवयानीचा अभिमान दुखावलेला आहे. ययातीशी विवाह करून ती हस्तिनापूरची महाराणी होते. परंतु अधिकार मिळूनही तिला पतीचे मन जिंकता येत नाही. शर्मिष्ठेपाशी कोणताही अधिकार उरलेला नाही. ती ययातीवर निरपेक्ष प्रेम करते आणि त्याच्यापासून झालेल्या पुरूला गुप्तपणे वाढवते. एकीच्या लेखी प्रेम हा हक्क आहे, तर दुसरीच्या लेखी ते समर्पण आहे. मात्र शर्मिष्ठेचे समर्पण ययातीच्या भोगलालसेला आवर घालू शकत नाही.

कथनपद्धती

ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने प्रथमपुरुषी निवेदन करतात. लेखकाची सहानुभूती शर्मिष्ठेकडे झुकलेली असली, तरी या रचनेमुळे देवयानीलाही स्वतःची बाजू मांडता येते. त्यामुळे ती केवळ खलनायिका ठरत नाही. पित्याच्या लाडात वाढलेली आणि नकार पचवू न शकलेली स्त्री म्हणून तिची व्यथाही वाचकापर्यंत पोहोचते. तसेच शर्मिष्ठेच्या त्यागाआड राजकन्येचे स्वातंत्र्य हिरावले गेले आहे, याचाही विसर पडत नाही.

अन्य साहित्यकृती

कृ. प्र. खाडिलकर यांचे ‘विद्याहरण’ हे नाटक कच-देवयानी कथेवर, तर वि. वा. शिरवाडकर यांचे ‘ययाति आणि देवयानी’ व गिरीश कार्नाड यांचे कन्नड नाटक ‘ययाति’ ही ययातीच्या आख्यानावर आधारित आहेत.