परत आणलेला प्राणी आणि आपलं माळरान

मंडळी, प्रश्न साधा दिसतो. नाहीसा झालेला प्राणी परत आणून सोडला, तर त्या जागेचं भलं झालं की नाही, हे ठरवायचं कशावरून?

आपण चित्त्याचंच घेऊ. 1952 साली तो भारतातून नामशेष झाल्याचं सरकारने जाहीर केलं. त्याच्याही आधी कोल्हापूर संस्थानात आफ्रिकेतून चित्ते आणले जात. कशासाठी? तर काळविटांच्या शिकारीसाठी. तिथे माप सोपं होतं: शिकार किती झाली! 17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियाहून आठ चित्ते कुनोत आले, तेव्हा हेतू बदलला होता. म्हणजे मापही बदलायला हवं. आपण मात्र अजून किती जगले, किती बछडे झाले, एवढंच विचारतो. ते विचारावंच. पण गवताचं, हरणांचं, लगतच्या गावातल्या शेळ्यांचं काय झालं? आणि आधीची नोंदच नसेल, तर फरक कशाशी ताडायचा?

आता आपल्या बीडकडे या. पाटोदा तालुक्यात नायगावला 1994 साली मयूर अभयारण्य झालं. तिथे होते तेच मोर राखायचे ठरले. आपल्या माळावर काळवीट आहे, लांडगा आहे. त्या माळाला मात्र आपण 'पडीक' म्हणतो आणि खड्डे खणून झाडं लावतो. गवत गेलं की काळवीट ज्वारीत उतरणार, हे सांगायला पंडित कशाला?

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की गवत, काळवीट, लांडगा आणि पिकाचं नुकसान यांची दरवर्षीची नोंद आजच सुरू करावी. उद्या इथे एखादा प्राणी आणायचं ठरलं, तर हिशेब त्या नोंदीवरून मांडता येईल.