जीर्णोद्धार कीं जीर्णरक्षण?

जुन्या वस्तूचा उद्धार म्हणजे तिला पुन्हां नवी करणें, अशी सामान्य समजूत आहे. लंडनच्या इंपीरियल वॉर म्यूझियमच्या संग्रहांतील एक लष्करी शेव्हरोले ट्रक या समजुतीस मुरड घालतो.

१९४० सालीं राल्फ बॅग्नोल्ड यांनीं उभारलेल्या ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रूप’ या तुकडीचा हा ट्रक. तत्पूर्वीं बॅग्नोल्ड यांनीं फोर्ड मोटारींतून लिबियाचें वाळवंट धुंडाळिलें होतें. रेडिएटरची वाफ डब्यांत धरून तिचें पुन्हां पाणी करणें, सूर्याच्या छायेवरून दिशा ठरविणें, रुतल्या चाकांखालीं पोलादी पट्ट्या घालणें, या हौशी प्रवासांत सिद्ध झालेल्या युक्त्याच पुढें युद्धांत कामीं आल्या.

युद्धकाळांत मागें राहिलेला हा ट्रक १९८० सालीं वाळवंटांतून परत आणण्यांत आला. संग्रहालयानें तो रंगवून नवा केला नाहीं. सांपडला त्याच गंजलेल्या स्थितींत लोकांपुढें मांडला. यंत्र चालतें झाल्यावांचून त्याची करामत कळत नाहीं, हा आक्षेप खरा आहे. परंतु रंग केव्हांही देतां येतो. वाळूनें घासलेला पत्रा एकदां गेला, कीं तो पुन्हां घडवितां येत नाहीं. इतिहासाच्या रक्षकानें हात आवरावा, तो एवढ्याचसाठीं.