जवाचे दाणे आणि माझे पाय

जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच कळते, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण करणाऱ्याला मधुमेह नसावा.

माझे पाय ही आमच्या घराण्याची वडिलोपार्जित इस्टेट. रुंदी आजोबांकडून आली, तळव्याचा सपाटपणा वडिलांकडून. करंगळीवरचे कुरूप तेवढे माझी स्वकष्टार्जित मिळकत. त्यात नांदेडच्या डॉक्टरांनी रक्तात साखर निघाल्याची गोड बातमी दिली. "रोज चालायला जा," ते म्हणाले. "जाऊन तर दाखव," टाच म्हणाली. शेवटी तडजोड होऊन सायकल ठरली. मी उठता उठता डॉक्टर म्हणाले, "जोडे मात्र नीट बघून घ्या. तुमच्या बोटांची संवेदना कमी झालीय. फोड आला तरी समजायचं नाही, आणि मग बोटावर बेततं."

दुकानातल्या पोराने पायाकडे न बघताच विचारले, "काका, आठ नंबर ना? घाला, दोन दिवसांत सैल होतोय बघा." हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. आजवर सैल झालो तो मी. जोडा एकही झाला नाही.

मग या आठ नंबरचे मूळ शोधले, तर ते निघाले जवाच्या दाण्यात. इंग्रजी पद्धतीत एका नंबरापासून पुढच्या नंबरापर्यंत अंतर असते एका जवाचे, म्हणजे इंचाच्या तिसऱ्या हिश्शाचे. आपल्याकडेही आठ जवांचे एक अंगूळ होतेच; पण आपण जव आडवे मांडले आणि साहेबाने उभे. त्यामुळे लांबी मोजली गेली आणि रुंदीचे कुणी नावच काढले नाही. युरोपात तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक जोडे डावा-उजवा असा भेद न करता एकाच साच्यावर होत. समता म्हणावी ती ही!

आमच्या लहानपणी लातूरला नंबर नव्हता, पाय होता. निजामाच्या राज्यात, १९१७ साली बांधलेली ती गंजगोलाई, तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते, आणि त्यांतच कुठेतरी चपला-जोड्यांची दुकाने. तिथला म्हातारा कारागीर मला कागदावर उभा करी आणि कानावरची पेन्सिल काढून पायाभोवती फिरवी. गुदगुल्या होत. "पोराचा पाय पाटासारखा हाय मालक, म्होरं मोकळं ठिवतो," असे वडिलांना सांगे. त्याचा जोडा कधी चावला नाही. तोच म्हातारा तयार जोडा घेऊन घरी आला की त्याला ओसरीखाली उभे करून ओंजळीत वरून पाणी घालीत. माझे पाय त्याने हातात घेतलेले चालत. आमचा पेला त्याच्या हाताला चालत नसे. हे तेव्हा घरात कुणालाच टोचले नाही. मलाही नाही.

असो. सायकलचे सांगत होतो.

१८६० च्या दशकात पॅरिसच्या मिशोंनी पुढच्या चाकाला पायडल लावले आणि माणसाच्या पायामागे नवे काम लागले. १८८५ मध्ये इंग्लंडात स्टार्लीची 'रोव्हर' आली, साखळी मागच्या चाकाला गेली, ती आजतागायत. शर्यतवाले पुढे कित्येक वर्षे चामडी पट्ट्यांनी पाय पायडलला बांधून घेत. मग १९८५ साली बर्नार इनो याने 'टूर द फ्रान्स' जिंकली ती जोडा खटकन अडकणाऱ्या पायडलवर. आणि ते पायडल काढले होते बर्फावरच्या घसरपट्ट्यांची खटकी करणाऱ्या 'लुक' कंपनीने. वजिराबादच्या गर्दीत मी त्यात अडकलो असतो तर सायकलसकट आडवा झालो असतो. तेव्हा खटकी इनोला लखलाभ, मी त्याचा फक्त कडक तळ उचलला. तळ मऊ असला की तो पायडलवर वाकतो, सगळा भार चवड्यात एकाच जागी येतो आणि बोटे बधिर होतात. माझी तर आधीच तयार होती.

पण कडक तळावर उघडा पाय ठेवणार कसा? त्याचे उत्तर वेल्लोरला मिळाले. डॉ. पॉल ब्रँड तिथे कुष्ठरुग्णांवर उपचार करीत. रुग्णांच्या पायांच्या जखमा चिघळतात त्या वेदना कळत नाही म्हणून, हे त्यांनी ओळखले. त्यातून मऊ, सच्छिद्र रबराच्या चपला आल्या. मधुमेहवाल्यांना आज देतात त्या 'एमसीआर' चपला त्याच गोत्रातल्या. म्हणजे बाहेर इनो, आत ब्रँड.

दुसऱ्या खेपेला दुकानात गेलो तो संध्याकाळी. दिवसभरात पाय सुजून खऱ्या मापाला येतो. सायकलवर घालायचे तेच मोजे घातले. आणि खिशातून कागद काढला. त्यावर आदल्या रात्री सौ.ने पेन्सिल फिरवून माझे दोन्ही पाय काढले होते. "चोराचे ठसे घेतात तसं वाटतंय," ती म्हणाली होती. मी प्रत्येक जोड्यातला आतला तळ उपसून कागदावर ठेवू लागलो. पोरगा बघतच राहिला. आठ नंबरच्या बाहेर माझा पाय दोन्हीकडून भाकरीसारखा पसरला होता. अखेर नऊ नंबरचा, पुढून रुंद, कडक तळाचा, वरून चिकटपट्टीचा एक जोडा निघाला.

पहिली सफर सचखंड हुजूर साहिबची. जोडाघरात जोडे दिले, टोकन घेतले. तिथे कुणाचेही जोडे कुणीही पुसते. पुसणारा घरचा लखपतीही असतो. परत आलो तेव्हा एक पांढऱ्या दाढीचे सरदारजी माझाच जोडा फडक्याने पुसत होते. त्यांनी तो सहज उलटा करून आपटला. टप्पकन एक खडा पडला, चांगला हरभऱ्याएवढा.

घरून निघाल्यापासून तो आतच होता.