ताम्रपटातली घराणी आणि मांडवातले मानकरी

खारेपाटणचे नाव काढले, की प्रवाशाला मुंबई-गोवा रस्त्यावरचा थांबा आठवतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र आठवतो तो एक ताम्रपट. शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ सालचा. दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज याने तो कोरविला आणि आठशेंवर वर्षांनी बाळशास्त्री जांभेकरांनी तो विद्वानांपुढे मांडला. बाळशास्त्री मूळचे पोंभुर्ल्याचे. म्हणजे याच मुलखातले. घरचा ठेवा घरच्याच माणसाच्या हाती लागला म्हणायचे!

या पटात सणफुल्लापासून रट्टराजापर्यंतच्या राजांची वंशावळ आहे. पण माझ्यासारख्या मॅट्रिक शाळामास्तराला राजांच्या नावांपेक्षा दानाचा तपशील अधिक बोलका वाटतो. अव्वेश्वराच्या देवळासाठी राजाने आत्रेय नावाच्या शैव आचार्याला तीन गावे दिली. परदेशाहून येणाऱ्या दर गलबतामागे सोन्याचा एक गद्याण तोडून दिला. चेमूल्य म्हणजे चौल आणि गोव्यातले चंद्रपूर येथील गलबतांना तेवढी सूट. आणि यांच्याच जोडीला दिली माणसे! दासींची कुटुंबे, तेली, माळी, कुंभार, परीट. गावे दिली, सोने दिले, तशीच ही हाडामांसाची घराणीही दिली.

गेल्या वैशाखात एका माजी विद्यार्थ्याच्या लग्नाला मी खारेपाटणच्या बाजूला गेलो, तेव्हा हा ताम्रपट डोक्यात होताच. मी पडलो घाटावरचा. मला सगळ्याचेच नवल. मांडवाची मेढ उभी राहण्याआधी ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले गेले. गावकार मोठ्या आवाजात मागणे मागी आणि सगळी मंडळी एकसुराने म्हणत, ‘व्हय म्हाराजा!’ मग देवक बसले. बायकांनी घाणा भरला, नवरदेवाला तेल-हळद लागली. उडीद-तांदळाच्या पिठाचे वडे कढईत फुगू लागले आणि मुले चुलीभोवती घोटाळू लागली. लग्नानंतर पाचपरतावण, म्हणजे नवराबायकोने मुलीच्या माहेरी जाऊन येणे, हेही ठरून गेलेले होते.

पाहता पाहता माझ्या ध्यानात आले, की ताम्रपटातली मंडळी इथे एकेक करून हजर आहेत. तेल आहे, फुलांच्या मुंडावळ्या आहेत, कुंभाराची मडकी आहेत आणि वधूवरांच्या वाटेवर पायघड्या घालायला परटीण आहे. त्या कामाबद्दल तिला लुगडे आणि नारळ मिळतो. त्याला ‘मान’ म्हणतात. मी त्या म्हाताऱ्या बाईंना या मानाविषयी विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘गुरुजीनू, मान आसा खरो, पण मानान पोट भरणा नाय. माझो झील मुंबयत लाँड्री चालयता. आवताण धाडलात तर येतलो. हुकूम केलात तर नाय.’’

त्या बाईंनी इतिहासाचे मर्मच सांगितले, असे मला वाटते. आपण जुन्या चालीरीतींचे कौतुक करतो, तेव्हा त्यांतला गोडवा तेवढा पाहतो. एकमेकांवाचून कोणाचे कार्य पार पडत नव्हते, हे खरे. त्यातून गाव बांधलेले राहिले, हेही खरे. परंतु ज्याच्यावाचून आपले अडते, त्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभा होती का, हा प्रश्न ताम्रपटाला विचारून पाहा. तिथे राजा देतो, आचार्य घेतो. ज्यांना दिले त्यांचे मत कोणी घेतल्याचे दिसत नाही.

म्हणून चालीरीती मोडीत काढाव्यात, असे मी म्हणत नाही. पायघड्या अवश्य घालाव्यात. त्यांवरून नवी सून घरात येते तेव्हा माझेही डोळे ओलावले. मात्र त्या घालणाऱ्याला आवताण जावे, त्याच्या कामाचा रास्त मोबदला मिळावा आणि पंगतीत त्याचे पान सर्वांबरोबर मांडले जावे. एवढे केले, तर ‘मान’ या शब्दाला अर्थ राहील.